ऊसतोडणी मशीन घेताय? आधी संघटना, मग करार, मग मशीन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरचे ट्रॅक्टर कारखान्याला ऊस वाहतुकीला लागतात. मुकादमानं, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदारानं, उचल (आगाऊ रक्कम) घेतली आणि ऊसतोड मजुरांची टोळी आणलीच नाही, त्यामुळं कारखान्याकडून घेतलेला अ‍ॅडव्हान्स अंगावर बसला. आता दोघं चुलतभाऊ मिळून हार्वेस्टर घ्यायचं म्हणताय, अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केलाय. मशीन यायच्या आधीच तालुक्यातल्या मशीनमालकांच्या संघटनेनं प्रवेश फी भरून सभासद व्हा म्हणून बोलावलंय. जावं का, कधी जावं, आणि त्यातून हाती काय लागतं?

जावं. मशीन दारात यायच्या आधी जावं, कारखान्याच्या करारावर सही करायच्या आधी तर नक्कीच. पण नुसती पावती फाडून नाव लावायचं असेल तर ते पैसे डिझेलला ठेवा. या धंद्यात संघटनेचं वजन सभासदांच्या संख्येवर फार थोडं ठरतं. सभासदांनी रोजच्या रोज लिहून ठेवलेल्या नोंदींवर ते ठरतं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे. आधी टोळ्यांची वाहतूक, मग मशीन, असा माझा प्रवास आहे आणि संघटनेच्या बैठकांमध्ये टेबलाच्या या बाजूला बसून मी हे पाहिलंय.

एकट्या मशीनवाल्याची अडचण आधी नीट समजून घ्या. कोयत्याच्या टोळीचा तोडणी दर राज्य पातळीवर ठरतो. एका बाजूला राज्य सहकारी साखर कारखाना संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगारांच्या संघटना, असे दोघं समोरासमोर बसतात. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनं 34 टक्के वाढ ठरली, टनाला 273 रुपयांचा दर 366 वर गेला आणि मुकादमाचं कमिशन 19 टक्क्यांवरून 20 टक्के झालं. त्यामागं वर्षानुवर्षांचे संप आणि कोयता बंद आंदोलनं होती. मशीनवाल्याच्या मागं असं काही नाही. त्याचा दर कारखान्याच्या शेतकी खात्यात ठरतो, एकेकाला बोलावून. तुमच्या टापूत कारखाने एक किंवा दोन. तुमच्या डोक्यावर बँकेचा हप्ता. समोरच्याला हे दोन्ही माहीत असतं.

आता पैशाचं गणित मांडू. हे उदाहरण आहे, तुमचे आकडे तुम्ही घाला. समजा दर टनाला 450 रुपये मिळाला आणि हंगामात 10 हजार टन तोड झाली. जमा 45 लाख. मशीन आणि दोन इनफिल्डर (मशीनच्या बाजूनं फडात चालून तोडलेला ऊस भरून घेणारे ट्रॅक्टर-ट्रॉली) मिळून टनाला दोन लिटर डिझेल धरलं, 90 रुपये लिटरनं 18 लाख गेले. दोन ऑपरेटर, इनफिल्डरचे दोन ड्रायव्हर, हेल्पर आणि एक देखरेखीचा माणूस, त्यांचा पगार आणि जेवणखाण मिळून आठ लाख. बेस कटरची पाती, चॉपरची पाती, हायड्रॉलिक पाईप, ऑइल, टायर, वेल्डिंग यांना सात लाख. हातात राहिले 12 लाख. कर्ज 80 लाखांचं, 11 टक्के व्याजानं पाच वर्षांत फेडायचं असेल तर महिन्याचा हप्ता साधारण 1 लाख 74 हजार, म्हणजे वर्षाला जवळजवळ 21 लाख. नऊ लाखांचा खड्डा पडला.

आता यात अनुदान घाला. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून राज्यात 900 हार्वेस्टरसाठी 321 कोटी 30 लाखांची योजना 2023 मध्ये मंजूर झाली. त्यात किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यातली कमी असेल ती रक्कम मिळायची. 35 लाख कर्जखात्यात जमा झाले तर 45 लाखांच्या कर्जाला वर्षाचा हप्ता पावणेबारा लाखांच्या घरात येतो आणि वरचं गणित कसंबसं जुळतं. अनुदान नसेल तर याच दरात तुम्हाला साडेचौदा हजार टनांपर्यंत तोड करावी लागते. म्हणून अनुदानाची पूर्वसंमती हातात आल्याशिवाय डीलरला मोठी रक्कम देऊ नका. अनुदान खरेदी आणि तपासणी झाल्यावर येतं, तोपर्यंतचं व्याज तुमच्याच खिशातून जातं, हेही धरून चाला. अनुदानावरची मशीन ठरावीक मुदत विकता येत नाही, ती अट अर्जात वाचून घ्या, कारण दोघं भाऊ भागीदार असताना तिसऱ्या वर्षी वाटणीचा विषय निघाला तर तिथंच गाडं अडतं.

हप्त्याबद्दल एक सांगतो. बँका सवयीनं महिन्याचा हप्ता लावतात. मशीन कमावते नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत हप्ता कुठून भरणार? सहामाही किंवा हंगामी हप्ता मागा आणि तो मंजुरीपत्रातच लिहून घ्या. हे काम एकेकट्यानं केलं की शाखाधिकारी हेड ऑफिसकडं बोट दाखवतो. आमच्या भागात संघटनेनं बारा-पंधरा सभासदांची प्रकरणं एकत्र नेली तेव्हा हेड ऑफिसातनंच पत्र आलं. संघटनेचा पहिला प्रत्यक्ष फायदा मी हा मानतो.

टन किती होणार हे तुमच्या मशीनपेक्षा हंगामाच्या दिवसांवर आणि ती कामाविना उभी राहण्याच्या तासांवर ठरतं. 2021-22 मध्ये ऊस एवढा होता की कारखाने जूनपर्यंत चालले, मराठवाड्यात ऊस फडात उभा राहिला. पश्चिम महाराष्ट्रातले हार्वेस्टर तिकडं पाठवले गेले आणि सरकारनं 50 किलोमीटरच्या पुढच्या वाहतुकीला टनाला किलोमीटरमागं पाच रुपये दिले. त्या वर्षी मशीनवाल्यांनी पैसा पाहिला, आणि त्याच पैशाकडं बघून बऱ्याच जणांनी पुढं मशीन बुक केल्या. 2024-25 मध्ये कित्येक कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसही चालला नाही. दोन्ही वर्षं डोळ्यासमोर ठेवा आणि कर्ज दुसऱ्या वर्षाच्या हिशेबानं काढा.

उभं राहण्याचे तास हा खरा खड्डा आहे. मशीन फडात तयार, ऑपरेटर बसलेला, आणि जाळीच्या ट्रॉल्या नाहीत. कारखान्याच्या यार्डात गर्दी आहे, गव्हाण (ऊस मिलमध्ये टाकायची जागा) बंद आहे, मिल ब्रेकडाऊन आहे. किंवा चिटबॉयनं, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसानं, दिलेला पुढचा फड 12 किलोमीटरवर आहे आणि तो अर्धाच एकर आहे. मशीन लोडरवर (ती वाहून नेणाऱ्या गाडीवर) चढवा, उतरवा, दिवस गेला. मशीनच्या कांड्या होतात, त्या अख्ख्या उसासारख्या थांबत नाहीत. दोन्ही टोकं उघडी असल्यानं रस आंबायला लगेच सुरुवात होते. बारा-पंधरा तासांत त्या गव्हाणीत पडल्या पाहिजेत, म्हणून यार्ड भरलं की शेतकी खातं आधी मशीनची तोड थांबवतं. त्यात त्यांचंही चूक नाही. पण थांबण्याचा खर्च कुणी सोसायचा हे करारात कुठंच लिहिलेलं नसतं.

तर करार. तो बहुतेक वेळा थेट कारखान्याशी होत नाही, कारखान्याच्या तोडणी-वाहतूक संस्थेशी होतो. 500 रुपयांच्या स्टॅम्पवर छापील मजकूर, रिकाम्या जागा भरलेल्या, आणि सोबत कोऱ्या चेकची मागणी. कोरा चेक देऊ नका. द्यावाच लागला तर रक्कम आणि 'अमुक कराराच्या अ‍ॅडव्हान्सपोटी' असा उल्लेख असलेलं पत्र घ्या, झेरॉक्स ठेवा. हंगाम संपून हिशेबावर वाद झाला आणि तो चेक बँकेत टाकला गेला की चेक न वटल्याचा कलम 138 चा खटला तुमच्यावर चालतो, मूळ वाद बाजूला राहतो. सभासदाला हा अनुभव आला की संघटना वकील देते खरी, पण सहीच्या आधी पाच मिनिटं बोलणं त्याहून स्वस्त पडतं.

करारात मी सहा गोष्टी शोधतो. रोजचे किमान टन किंवा त्याऐवजी उभं राहण्याची भरपाई. दोन फडांमधलं अंतर ठरावीक किलोमीटरच्या पुढं गेलं तर लोडरचं भाडं कोण देणार. लोळलेल्या उसाचा वेगळा दर. पंधरवड्याचं बिल किती दिवसांत खात्यावर येणार. अनामत म्हणून कापलेली रक्कम कोणत्या तारखेला परत मिळणार. आणि डिझेलचा भाव हंगामात वाढला तर दराचं काय. या सहाही गोष्टी एकाच करारात मिळालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पण संघटनेनं नमुना करार घेऊन कार्यकारी संचालकांची भेट घेतली तर त्यातल्या दोन-तीन पदरात पडतात. अनामतीची तारीख आणि पंधरवड्याच्या बिलाची मुदत या दोन तर बहुतेक ठिकाणी मिळतात, कारण त्यात कारखान्याचं नुकसान काहीच नसतं, फक्त कुणी मागितलेल्या नसतात. बिलातून टीडीएस कापला जातो, तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का हे 26एएस (आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा उतारा) काढून बघा आणि रिटर्न भरा. पुढच्या कर्जालाही तेच रिटर्न लागतं.

आता पाचट वजावट. हा विषय मी लांबवणार आहे, कारण संघटनेची परीक्षा इथंच होते. मशीननं तोडलेल्या उसाच्या वजनातून कारखाने पाचटापोटी, म्हणजे उसाबरोबर आलेल्या पाल्याकचऱ्यापोटी, साधारण साडेचार ते पाच टक्के सरसकट कापतात. कापले जातात शेतकऱ्याचे टन, आणि म्हणून शेतकरी मशीन नको म्हणतो. बऱ्याच ठिकाणी मशीनमालकाचं बिलही वजावट करूनच निघतं. कारखान्याचं म्हणणं असं की वाढे (उसाचे शेंडे), पाला आणि माती गव्हाणीत येते, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) पडतो. म्हणणं खोटं नाही. पण सरसकट टक्का हा सगळ्यांना एकच माप लावतो.

मशीनच्या आत काय होतं ते बघा. टॉपर वरचं वाढं उडवतो. दोन बेस कटर जमिनीलगत ऊस कापतात. रोलर तो आत ओढतात, चॉपर त्याच्या कांड्या करतो आणि वरचा मोठा पंखा, म्हणजे प्रायमरी एक्स्ट्रॅक्टर, पाला ओढून बाहेर फेकतो. पंख्याचा वेग वाढवला की पाचट कमी येतं, पण त्याबरोबर कांड्यांचे तुकडे आणि रसही उडून फडात पडतो. तो कुठल्याच काट्यावर दिसत नाही. वेग कमी ठेवला की ऊस वाचतो, पाचट वाढतं. ऑपरेटरला टनावर बक्षीस असेल तर तो पुढं जाण्याचा वेगही वाढवतो, चॉपरमध्ये जास्त माल येतो, पंख्याला तो साफ करता येत नाही. ऑस्ट्रेलियात 1979 पर्यंत सगळा ऊस मशीनवर गेला, तरी टनावर पैसे दिल्यानं घाई होते आणि ऊस वाया जातो, ही चर्चा तिथं अजून चालू आहे. सरसकट वजावटीचा दोष हाच की नीट तोडणाऱ्याला तिचा काही लाभ नाही. चांगलं तोडा, वाईट तोडा, कापणार तेवढंच.

आमच्या संघटनेनं यावर जे केलं ते सांगतो. फडाच्या बांधावर ताडपत्री अंथरायची. भरलेल्या ट्रॉलीतनं वरून, मधून आणि खालून मिळून 100 किलो माल काढायचा. तीन-चार माणसांनी बसून तो निवडायचा: स्वच्छ कांड्या एकीकडं, वाढे एकीकडं, पाला एकीकडं, मुळं आणि माती एकीकडं. प्रत्येक ढीग तागडीवर तोलून वहीत लिहायचा. सोबत त्या फडाची जात, सरीचं अंतर, ऊस उभा की लोळलेला, वेळ, पंख्याचा वेग आणि ऑपरेटरचं नाव. शेतकऱ्याची आणि चिटबॉयची सही. फोटो. हे काम कंटाळवाणं आहे, पाला डोळ्यांत जातो, हाताला कूस लागते आणि तेवढ्यात एक खेप बुडते. पहिल्या महिन्यात निम्मे सभासद टाळाटाळ करत होते.

पण हंगामाअखेर त्या वह्या एकत्र केल्या तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं. साडेचार-पाच फुटी सरीतला उभा 86032 जातीचा ऊस असेल तर पाचट सरसकट टक्क्याच्या बरंच खाली. लोळलेला 265 जातीचा असेल, त्यात रात्रीची दवानं ओली तोड असेल, तर टक्क्याच्या वर. म्हणजे कारखाना पूर्ण चुकत नव्हता आणि आम्हीही पूर्ण बरोबर नव्हतो. त्या वह्या घेऊन शेतकी अधिकाऱ्यांसमोर बसलो तेव्हा बोलण्याचा सूर बदलला. 'वजावट रद्द करा' या मागणीला आतापर्यंत 'वर कळवतो' एवढंच उत्तर मिळायचं. 'उभ्या आणि रुंद सरीच्या फडाला वेगळा टक्का लावा, आम्ही नमुना तुमच्या माणसासमोर काढू' या मागणीवर मात्र त्यांनी वही मागून घेतली आणि पुढच्या हंगामात काही गटांत नमुना तपासणी सुरू केली. सगळं मिळालं नाही. पण जे मिळालं ते मोर्चानं मिळालं नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगतोय, सभासद झालात की पहिल्या दिवसापासून वही ठेवा. मशीन किती वाजता सुरू झाली, किती वाजता कशासाठी थांबली, गाडी कधी आली, फड किती गुंठ्यांचा, डिझेल किती. ऑपरेटरला मोबाईलवर फोटो टाकायला लावा. अशा 20 मशीनच्या वह्या ज्या संघटनेकडं आहेत तिला उभं राहण्याची भरपाई मागता येते. ज्या संघटनेकडं त्या नाहीत तिच्याकडं फक्त घोषणा असतात.

आता शेतकऱ्याची बाजू, कारण मशीनमालकांच्या बैठकांत ती हमखास विसरली जाते. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतूनच, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदरातूनच, कापला जातो. 2025-26 ला 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये एफआरपी ठरली होती, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊनच शेतकऱ्याच्या हातात रक्कम पडते. आपण दर वाढवून मागतो तेव्हा तो शेवटी बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या बिलातून येतो. त्यामुळं नुसता दर ताणणारी संघटना दोन वर्षांत गावागावात नकोशी होते. त्यापेक्षा मशीन न थांबता चालली तर त्याच दरात दोघांचं भागतं, ही मांडणी शेतकऱ्यालाही पटते.

आणि एन्ट्री. फडात मशीन घालायची म्हणून ड्रायव्हर, ऑपरेटर शेतकऱ्याकडून रोख घेतात, कधी जेवणावळ मागतात. हे बंद करायचं काम संघटनेनं स्वतः केलं पाहिजे. साखर आयुक्तालयाकडं या तक्रारी जातात, कारखान्यांना परिपत्रकं निघतात, पण फडात रात्री अकराला कुणी आयुक्त नसतो. तुमच्या मशीनवर मोठ्या अक्षरांत मालकाचा मोबाईल नंबर आणि 'तोडणीसाठी रोख पैसे देऊ नयेत' एवढं रंगवून घ्या. ज्या संघटनेची ही पाटी लावायची तयारी नाही, तिच्या बाकीच्या गप्पा मी गांभीर्यानं घेत नाही.

शेतकऱ्यांशी बोलायची योग्य वेळ लागणीची आहे, तोडीची नव्हे. तीन-साडेतीन फुटी सरीत मशीन चालवली की चाक बुडख्यांवर जातं आणि खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटून येणारं पुढचं पीक) बसतो. मग तो शेतकरी जन्मात मशीन बोलावत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गटातल्या गावांत जाऊन साडेचार फुटांच्या पुढची सरी, फडाच्या दोन्ही टोकांना मशीन वळायला मोकळी जागा, ठिबकच्या नळ्या तोडीआधी गोळा करणं, दगड वेचणं, हे समजावून सांगा. ठिबकची एक नळी बेस कटरात गुंडाळली गेली की अर्धा दिवस जातो आणि भांडण होतं ते वेगळंच. पाती बोथट झाली की बुडखा फाटतो, फुटवा कमी येतो. रोज पाती बघणारा मालक खोडव्याच्या शेतात ओळखू येतो.

माणसांबद्दल. चांगला ऑपरेटर मिळणं मशीन मिळण्यापेक्षा अवघड आहे. तो हंगामाआधी उचल मागतो आणि मध्येच दुसरा जास्त पैसे देतो म्हणून निघून जातो. बहुतेक संघटनांमध्ये यावर 'एकमेकांचा ऑपरेटर फोडायचा नाही' असा नियम असतो. नियम ठीक आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडवून ठेवणं, त्याची कागदपत्रं काढून घेणं, त्याला कुणीच कामावर घ्यायचं नाही म्हणून यादी फिरवणं हे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या तोंडाशी नेऊन उभं करतं, आणि माणुसकीलाही धरून नाही. मुकादमानं तुम्हाला बुडवलं हे खरं, पण त्या उचलीच्या व्यवहाराखाली कोयत्यावर येणारी नवराबायको वर्षानुवर्षं अडकलेली आहेत. मशीनच्या धंद्यात तोच व्यवहार नव्यानं आणू नका. महिन्याचा पगार बँकेत, टनावरचं बक्षीस हंगामाअखेर, आणि सोडून जायचं असेल तर पंधरा दिवसांची सूचना, एवढं लेखी ठेवलं की निम्मे प्रश्न मिटतात. आमच्याकडं संघटनेनं हंगामाआधी ऑपरेटरांचं शिबिर घ्यायला सुरुवात केली, त्यातून गावातलीच पोरं तयार झाली. ती रात्री घरी जातात, त्यामुळं टिकतात.

विमा काढताना फक्त मशीनचा काढू नका. वाळलेलं पाचट, तापलेलं इंजिन आणि हायड्रॉलिक ऑइलची गळती ही आगीची तिन्ही कारणं या मशीनमध्ये एकत्र असतात. दर काही तासांनी इंजिनच्या भोवतीचं पाचट हवेनं उडवून काढायचं, अग्निशामक सिलेंडर केबिनबाहेर हाताला येईल असा लावायचा. तरी आग लागलीच तर शेजारचा उभा फड जळतो, त्याची भरपाई तुमच्यावर येते. म्हणून तिसऱ्या पक्षाचं नुकसान पॉलिसीत आहे का ते विचारा. कामगारांचा अपघात वेगळा धरा. रात्री एलिव्हेटर वर असताना महावितरणच्या लोंबत्या तारेखाली मशीन जाणं हा या कामातला सगळ्यात वाईट धोका आहे. फडात जाण्याआधी दिवसाउजेडी तारा बघून ठेवायच्या, हा नियम मी कुणालाच मोडू देत नाही. संघटनेमार्फत एकगठ्ठा विमा घेतला तर हप्ता कमी पडतो आणि दाव्याच्या वेळी कंपनीचा सर्वेयर लवकर येतो.

आता तुम्हाला बोलावणारी संघटना कशी आहे हे कसं ओळखायचं. नोंदणीचा दाखला मागा. आपल्याकडं बहुतेक संघटना 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि त्याचबरोबर सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या असतात. तिथं पदाधिकारी बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी ऑडिट लागतं. गेल्या वर्षीचं ऑडिट मागितल्यावर चेहरा कसा होतो ते बघा. प्रवेश फीची छापील पावती संघटनेच्या बँक खात्यावरची हवी, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे टाकू नका. पदाधिकाऱ्यांमध्ये मशीनचा डीलर, कारखान्याचा संचालक किंवा तोडणी-वाहतूक संस्थेचा माणूस आहे का हे विचारा. असला म्हणून संघटना वाईट ठरत नाही, पण दराच्या बैठकीत तो कुठल्या बाजूला बसतो हे जुन्या सभासदांना विचारून घ्या. एक मशीनवाला आणि दहा मशीनवाला, दोघांना एकच मत आहे का? शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली, इतिवृत्त आहे का? आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न: गेल्या हंगामात कुठल्या सभासदाचं कुठलं काम संघटनेनं केलं, त्याचा फोन द्या. मग त्याला फोन करा.

दुसऱ्या जिल्ह्यात किंवा सीमेपलीकडं बेळगाव, अथणी भागात मशीन नेणार असाल तर तिकडच्या मशीनवाल्यांशी आधी बोला. हंगाम आपल्याकडं लवकर संपला की सगळे तिकडं धावतात आणि आपणच आपला दर पाडतो. दोन संघटनांमध्ये नुसता फोन झाला तरी हे टळतं.

क्रम असा ठेवा. एक हंगाम शक्य असेल तर ओळखीच्या मशीनवर तुमचा एक ट्रॅक्टर इनफिल्डरला लावा आणि थोरल्यानं तिथंच राहून सगळं बघावं. मे-जूनमध्ये संघटनेच्या सभेला पाहुणे म्हणून जा, वर सांगितलेली चौकशी करा, पटलं तर फी भरा. जुलै-ऑगस्टमध्ये गावांत फिरून रुंद सरीची यादी करा. कारखान्याची कराराची बैठक कधी आहे ते आधीच विचारून ठेवा. त्या बैठकीला एकटे जाऊ नका, संघटनेचा एक जुना सभासद सोबत घ्या आणि जाताना ही रुंद सरीच्या फडांची यादी, गावाचं नाव आणि गट नंबरासकट, टाईप करून न्या. शेतकी अधिकाऱ्याला एका गटात सलग 60-70 एकर मशीनला योग्य ऊस दाखवलात तर दोन फडांमधल्या अंतराचं कलम तुमच्या करारात घालायला तो स्वतः तयार होतो.